मोठीची तांबडी साखर

आमच्या घरात सुना दोन. एक मोठी, एक धाकटी. धाकटी म्हणजे मी, आणि मी तोंडाने फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको. मोठी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. घरात, दुकानात, गल्लीत सगळे त्यांना मोठीच म्हणतात. मी तेवढी ताई म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, जाऊ म्हटली की दोन-चार वर्षं तरी धुसफूस चालणार. मी कंबर कसूनच आले होते. पण ही बाई भांडायला सापडेचना. बघावं तेव्हा साखरेच्या खोलीत.

साखरेची खोली म्हणजे काय ते सांगते. आमची बेकरी आहे, घराला लागूनच. पुढे दुकान, मागे भट्टी, आणि भट्टी व स्वयंपाकघर यांच्या मधे एक अरुंद खोली. दुकानाच्या पाटीवर सासऱ्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, ‘घरच्या तांबड्या साखरेची बिस्किटं’. सासरे गेले, पाटी राहिली. बाजारात ब्राऊन शुगर म्हणून मिळते ना, तीच ही तांबडी साखर, फक्त आमच्याकडे ती घरी करतात. एकदा मी आमच्या लॅबमधल्या शिपायाला सहज म्हटलं, आमच्या घरी ब्राऊन शुगर बनवतात. त्याने आधी दार लोटलं आणि मग हळूच विचारलं, “मॅडम, घरच्यांना माहीत आहे का?” त्याला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, लग्नाच्या आधीपासून. सकाळी साडेसातला निघते, दुपारी चारला येते. सुया, नळ्या, चिठ्ठ्या, आकडे. मला माझं काम आवडतं. यात लाजण्यासारखं काय आहे? पण घरात हे बोलले की सासूबाई असं बघतात, जणू मी कोणाचं तरी वाईट चिंतलंय.

तर साखर. पांढरी साखर आधी मिक्सरमधून अर्धवट फिरवायची, तिचं पीठ होऊ द्यायचं नाही. मग चाळायची. काकवीचा डबा कोमट पाण्यात ठेवायचा, म्हणजे ती सैल होते. साखर परातीत पसरून वर काकवीची धार सोडायची आणि बसायचं चोळत. पहिली दहा मिनिटं नुसता चिखल दिसतो. कुठे काळे गोळे, कुठे कोरडी पांढरी साखर. नवख्या माणसाने कपाळाला हात लावावा. पण तळहातांत घासत राहिलं की गोळे मोडतात, रंग पसरतो आणि शेवटी ओल्या वाळूसारखी एकसारखी साखर हाताला लागते. अशा तीन पराती रोज. आज केलेली साखर उद्याच्या बिस्किटांना, हा घरचा नेम.

त्या खोलीत पंखा लावायचा नाही, साखर सुकते. खिडकी उघडायची नाही, माश्या येतात. मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. भिंतीपलीकडे भट्टी, त्यामुळे भिंतसुद्धा गरम. ताई तिथे सकाळी अकराला आत जायच्या आणि चारला बाहेर यायच्या, पदराने मान पुसत. त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या तपकिरी झालेल्या. केस धुतले तरी काकवीचा वास जात नसे. मी पहिल्यांदा त्या खोलीत पाच मिनिटं बसले आणि मला गुदमरायला झालं. म्हटलं, “ताई, तुम्ही इथे रोज कशा बसता हो?” तर म्हणाल्या, “बसायचं काय त्यात? हात चालू असतात.”

दुसऱ्या दिवशी पहाटे, कणीक मळायच्या आधी, सासूबाई साखर तपासायला येत. डब्यात हात घालून मूठ आवळायच्या आणि तळवा उघडायच्या. मुठीचा आकार राहिला पाहिजे, आणि वरून एक बोट लावलं की लगेच विस्कटला पाहिजे. तसं झालं की त्या म्हणत, “मोठीच्या हाताला तोड नाही.” एवढं बोलून निघून जात. मी सुरुवातीला म्हणायचे, वा, काय कौतुक आहे सुनेचं. नंतर माझ्या लक्षात आलं की त्या कौतुकामुळेच ताईंना एक दिवस सुट्टी नव्हती. हाताला तोड नाही म्हटल्यावर दुसरा हात शोधतंय कोण?

आणि आमच्या घरात कोणी कोणाला नाही म्हणत नाही, हे एक आणखी. भांडण करायला समोर काहीतरी लागतं. ताई म्हणाल्या, चार दिवस बहिणीकडे जाऊन येऊ का, तर माझे मोठे दीर, म्हणजे ताईंचे यजमान, भट्टीपाशी घाम पुसत म्हणायचे, “बघू.” स्वभावाने गरीब माणूस. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. सासूबाईसुद्धा “बघू या की” म्हणायच्या. माझे हे बिस्किटांचा टेम्पो घेऊन दुकानादुकानांत फिरतात, ते तर कशातच नसतात. त्या बघण्यावर वर्षं निघून गेली.

एका रविवारी ताईंचा फोन वाजला. त्यांचे हात परातीत, म्हणून मी तो उचलून स्पीकरवर ठेवला. ताईंच्या थोरल्या बहिणीचा होता. त्यांना सगळे आक्का म्हणतात. ताई लहान असताना आई गेली, तेव्हा आक्कांनीच त्यांना वाढवलं, आणि स्वतः लग्न केलं नाही. शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. राहतात लांब, दोन बस बदलून दीड दिवसाचा रस्ता. ताई त्यांच्याकडे शेवटच्या गेल्या होत्या त्याला अकरा वर्षं झालेली, तेही दोन रात्रींसाठी.

आक्का म्हणाल्या, “अगं, माझ्या डोळ्यांचं ते काचबिंदूचं बळावलंय. डॉक्टर म्हणतात, तीन महिने, फार तर चार. मग उजेड आणि अंधार तेवढा कळेल. तर तू एकदा येऊन जा. माझ्यासमोर बस घटकाभर. तुझा चेहरा नीट बघून ठेवते.”

ताईंचे हात थांबले. मी त्यांना साखर चोळताना मधेच थांबलेलं कधीच बघितलं नव्हतं. “येते आक्का,” म्हणाल्या. “येतेच.”

त्याच दिवशी त्यांनी विचारलं आणि त्याच दिवशी उत्तर मिळालं, बघू. पण या वेळी ताई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी डोकं चालवलं. दहा दिवसांची साखर आधीच करून ठेवायची आणि जायचं. पाच दिवस त्या सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत त्या खोलीत होत्या. तीस पराती. पिठाची रिकामी पिंपं धुऊन, पुसून त्यांत साखर भरली, वर झाकणं ठेवली, आणि जागा नव्हती म्हणून पिंपं भट्टीमागच्या माळ्यावर चढवली. मी स्वतः खालून हात दिला. एवढी शिकलेली मी, दिवसभर नळ्यांना घट्ट बुचं लावणारी, मला सुचू नये की पिंपाचं झाकण सैल आहे आणि माळा तापतो?

ताई निघाल्या. नवी साडी नेसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे दिरांनी पिंप उघडलं, तर आत दगड. पळी घातली, पळी वाकली. शेवटी बत्त्याने फोडली आणि ते खडे कणकेत घातले. बिस्किटं भट्टीतून आली ती जागोजागी काळे ठिपके घेऊन, कुठे गोड कुठे फिकी. तीन दुकानांनी टेम्पो परत पाठवला. सासूबाई काही ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसता फोन लावायला सांगितला. ताईंची पहिली बस वाटेत बंद पडली होती, त्या एका धर्मशाळेत थांबून दुसऱ्या बसची वाट बघत होत्या. आक्कांचं घर आणखी अर्ध्या दिवसावर. तिथूनच मागे फिरल्या.

आल्या तशा हात धुऊन परातीला बसल्या. साडीसुद्धा बदलली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, “ताई, बास झालं. मला शिकवा. मी करते आठ-दहा दिवस, तुम्ही जाऊन या.”

त्या हसल्या. “तुला जमेल?”

“लोकांच्या शिरा सापडतात मला. साखर नाही जमणार?”

आता खरं सांगते, पहिले दोन दिवस माझी चांगलीच जिरली. सवयीने मी लॅबमधले रबरी हातमोजे घालून बसले. सगळी काकवी मोज्यांना आणि साखर परातीत तशीच कोरडी. ताई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, “अगं, ती हाताच्या उबेने मिसळते. मोज्यांनी काय होणार?” मग मोजे काढले. पण काकवी किती घालायची हे त्यांना सांगता येईना. “अशी,” म्हणायच्या आणि धार सोडायच्या. अशी म्हणजे कशी? मी आठवडाभर त्यांच्या धारेखाली वजनकाटा ठेवला. किलोला शंभर ग्रॅम. दमट हवा असली की नव्वद. अंदाजाने घालणारी बाई, पण चार-पाच ग्रॅमच्या वर फरक नाही. मला आमच्या लॅबमधल्या मशीनची आठवण झाली, आणि त्याचं कौतुकही वाटलं आणि वाईटही वाटलं.

महिनाभरात मला जमलं. मी रात्री सगळे झोपले की तीन पराती करायचे आणि सकाळी साडेसातला लॅबला पळायचे. ताई दिवसा नुसत्याच खोलीत जाऊन बसायच्या, त्यामुळे कोणाला कळत नव्हतं. आम्ही ठरवलं, आधी सांगायचं नाही. सात दिवस माझी साखर जाऊ दे, सासूबाईंच्या मुठीतून पास होऊ दे, मग आठव्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं आणि ताईंनी बसमध्ये बसायचं. सातही दिवस सासूबाई आल्या, मूठ आवळली, बोट लावलं, “मोठीच्या हाताला तोड नाही” म्हणाल्या आणि गेल्या. मी दाराआड उभी राहून पदर तोंडात कोंबून हसायचे. ताईंनी पिशवी भरून पलंगाखाली ठेवली होती. आक्कांसाठी बिस्किटांचा एक डबाही होता.

आठवा दिवस सुट्टीचा. दुपारी सगळे एकत्र जेवायला बसलो होतो. मी ताईंना कोपराने ढोसलं. त्या बोलणार, तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, “मी काय म्हणते, मोठी आता थकते. साखरेला दुसरा हात पाहिजे. धाकटीला लावू या हाताशी. हात तयार झाला की ती लॅब सोडू दे. मोठीला मग दुकानात गल्ल्यावर बसवता येईल. तिथला पगारी माणूसही कमी होईल.”

दीर म्हणाले, “चांगलं आहे की.”

आमचे हे भात कालवत म्हणाले, “तसंही हिची फार ओढाताण होते.” ओढाताण म्हणे. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

सासूबाई ताईंकडे वळल्या. “काय गं, येईल का हिला?”

आणि ताई काय म्हणाल्या? माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हिला? छे. मी बघितलं ना शिकवून. मोजे घालून बसते ती साखरेला. दोन पराती वाया घालवल्या. हिचा हात नाही तो. नाद सोडा.”

सगळे हसले. मोज्यांची गोष्ट मग दोनदा सांगून झाली. माझे कान तापले. तोंडाशी आलं होतं, सात दिवस कोणाची बिस्किटं खाल्लीत विचारा. पण तोंड उघडलं नाही. मी, मला दारावरचा भाजीवालासुद्धा टरकून असतो, मी खाली मान घालून जेवत राहिले.

भांडी आवरताना मी ताईंना गाठलं. “हे काय केलंत तुम्ही? तुमची पिशवी भरलेली आहे.”

त्या म्हणाल्या, “मलाही सासूबाईंनी दोनच महिने सांगितले होते. हात दुखतोय म्हणाल्या, जरा सांभाळ. मी नकाशे काढायचं शिकले होते, मोजणीच्या ऑफिसात जागा मिळाली होती. ऑफिसवाल्यांनी दोन महिने थांबायला होही म्हटलं होतं.” त्यांनी पातेलं पालथं घातलं. “एकोणीस वर्षं झाली. तू एकदा आत बसलीस की संपलं. मग मी गल्ल्यावर आणि तू आत, सुटलं कोणीच नाही.”

“मी नाही सोडणार नोकरी. कोण सोडायला लावतंय बघतेच.”

“लावत कोणीच नाही गं,” त्या म्हणाल्या. “तेच तर.”

मी म्हटलं, मी जाते आणि सांगते सगळ्यांना. त्या म्हणाल्या, सांग. मला अडवलं नाही त्यांनी. मी ओले हात पुसले, बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत सासूबाई पडल्या होत्या, दीर पेपर वाचत होते. मी दारात उभी राहिले आणि माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मला त्या खोलीची गरम भिंत आठवली. माझं टेबल आठवलं, लॅबची उघडी खिडकी आठवली. मी परत फिरले. मला हायसं वाटलं होतं, आणि त्या हायसं वाटण्याची मला आजही शिसारी येते.

पुढचे दोन महिने मी स्वतःला पुष्कळ गोष्टी सांगितल्या. अजून वेळ आहे. दिरांशी आपण बोलू. रजा टाकू. एकदा तर दुकानातून रबरी कडेच्या झाकणाची मोठी बरणी आणली, त्यात किलोभर साखर भरली आणि माझ्या कपाटात ठेवली. वीस दिवसांनी उघडली तर जशीच्या तशी मऊ. मी ती ताईंना दाखवायला नेली. त्यांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली, म्हणाल्या, “छान राहिली की.” मी म्हटलं, अशा तीस बरण्या आणू, दिरांना दाखवू. दीर म्हणाले, बघू, हे दिवस गिऱ्हाइकीचे आहेत, जरा ओसरू दे. मी पुन्हा विचारलं नाही. लॅबमध्ये काम वाढलं होतं, हे खरं आहे, पण कारण ते नव्हतं.

मग आक्कांचा फोन आला. पुन्हा रविवारच, पुन्हा ताईंचे हात भरलेले. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. आक्कांचा आवाज इतका मोठा आणि स्वच्छ की मला सगळं ऐकू येत होतं.

“कशी आहेस?” त्या म्हणाल्या. “मी बरी आहे. परवापासून काही दिसत नाही, पण त्रास काही नाही. शेजारची येते, भाजी चिरून देते.”

ताई म्हणाल्या, “आक्का, मी निघते. उद्याच निघते.”

“अगं नको,” आक्का म्हणाल्या. “आता कशाला घाई करतेस? सवडीने ये. माझ्याकडे तुझा तो जुना चेहरा आहे ना, अकरा वर्षांपूर्वीचा. चांगला हसरा आहे. आता तोच राहील.”

फोन बंद झाला. काकवी घट्ट होईल म्हणून ताई पुन्हा चोळायला लागल्या. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी पुसले.

ती रात्र मी कशीबशी काढली. पहाटे सासूबाई साखर तपासायला आल्या तेव्हा मी आधीच तिथे उभी होते. त्यांनी डब्यात हात घातला आणि मी सगळं सांगून टाकलं. सात दिवसांची साखर माझी होती, ताई खोटं बोलल्या, माझ्यासाठी बोलल्या, आणि आक्कांचे डोळे गेले. मला वाटलं होतं, त्या चिडतील. मला त्या चिडायलाच हव्या होत्या.

त्यांनी हातातली साखर हळूच डब्यात सोडली आणि माझ्याकडे नवलाने बघितलं. त्या खरंच कळवळल्या होत्या, त्यात खोटं काही नव्हतं.

“मग तेव्हाच बोलायचंस की गं,” त्या म्हणाल्या. “गेली असती ती. आम्ही काय तिला बांधून ठेवलं होतं?”

मी स्वयंपाकघरात जाऊन माझा डबा भरला. साडेसातला मला निघायचं होतं.